उसनी जागा

होनोमालू, दक्षिण कोना
९ फेब्रुवारी १९८१

प्रिय राहेलाताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. तुझे डोळे साथ देत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण सून आहे ना लिहून द्यायला. उत्तर आलं नाही की मला वाटतं काहीतरी झालं असणार. मग मी टपाल बघायला ओकुराच्या दुकानापर्यंत चढून जातो. तो म्हणतो, आलं की मी निरोप देईन. तो कसला देतोय. माझी पत्रं उजेडासमोर धरून बघायची त्याला सवय आहे असा माझा संशय आहे. बंदरात त्याच्या मेव्हण्याची, हँकची, मोटरबोट आहे हे तू विसरली नसशील.

इकडे माशांच्या चाऱ्याचे भोपळे शिजायला लागले. या वर्षी अळूचे कंद कमी आहेत, रानडुकरांनी उकरले. भोपळ्यावर भागवावं लागेल. जुलै संपेपर्यंत माशांना नुसतं खाऊ घालायचं, जाळं टाकायचं नाही, हे मी अजून पाळतो. गावात आता आम्ही तिघेच पाळतो. होडीचा तोल धरणारी बाजूची उलांडी एका टोकाला सैल झाली आहे. ती नेमकी भर समुद्रात सुटेल असं मला सारखं वाटतं.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. शेजारच्या गावच्या मिरियमाची नात तुला आठवते का? नोहेआ. लहानपणीच तिची आई तिला होनोलुलूला घेऊन गेली. आता ती तिथल्या कॉलेजात शिकवते आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी मशीनवर भरून घेत फिरते. म्हणते, तुम्ही गेलात की सगळं जाईल. हे मला जरा लागलं, पण पोरगी चांगली आहे. अंकल अंकल करते. सुकी मासळी आणि अळूच्या कंदाची पोई पुढे ठेवली तर बोटांनी चाटूनपुसून खाते.

तीन दुपारी ती आली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला वाटलं मी काय बोलणार. पण बोलत सुटलो. आजोबांबद्दल, होडीच्या लाकडाबद्दल, माशांना मांस कधी घालायचं नाही त्याबद्दल. मांसाने शिकारी मासे येतात आणि आपले छोटे ओपेलू मासे पळतात, हे तिने दोनदा विचारून घेतलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "अंकल, खाऊ घालायची तुमची जागा नेमकी कुठे?"

मशीनचं चाक फिरत होतं. मी सांगितली. खुणांसकट सांगितली. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ओकुरामुळे.

ताई, जागा तुझी आहे, माझी नाही. तिच्याबद्दल मी तोंड उघडलं हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून कळवतो. तेव्हापासून छातीत धडधडतंय. कदाचित कॉफीचंही असेल.

तुझा भाऊ,
एझेरा


नानाकुली
२१ फेब्रुवारी १९८१

एझेरा,

मी सांगते आहे आणि शर्ली लिहिते आहे. तिला बजावलंय, एक शब्दही गोड करायचा नाही.

आजोबांनी मला आईच्या मांडीवरून मागून घेतलं तेव्हा मी अंगावर पीत होते. नातवंडांत एकालाच सगळं द्यायचं ही त्यांची रीत. मुलीला काय देता म्हणून बाबा कुरकुरले, आजोबांनी ऐकलं नाही. तुम्ही बाकीचे लगोऱ्या खेळत होतात तेव्हा मी होडीत उन्हाने भाजत बसलेली असायचे. तेही मला कधी बोलून सांगत नसत. खुणा जुळल्या की हाताने मान वळवायचे. डोंगराकडे, मग किनाऱ्याकडे. बघितलंस? बघितलं. झालं.

लग्न करून मी इकडे या बेटावर आले. माशांचं कोण करणार म्हणून तुला होडीत घालून नेलं. मीही बोलले नाही. तुझी मान धरून वळवली. परत येताना म्हटलं, ही उसनी. तू मान हलवलीस. उसनी म्हणजे उसनी. तू चाळीस वर्षं खाऊ घातलंस म्हणून ती तुझी होत नाही. आणि तुझी असती तरी ती डब्यात बोलून ठेवायची वस्तू नाही. उद्या लायब्ररीत कुणीही जाईल, बटण दाबेल, आणि आपल्या पणजोबांपासून माणसाळलेले मासे मांसाचा चारा टाकून दोन दिवसांत उधळून देईल.

त्या पोरीकडून तो डबा परत माग. मिळाला नाही तर मला पत्र लिहू नकोस.

राहेला

अंकल एझेरा, मी शर्ली. आई कालपासून नीट जेवल्या नाहीत. तुम्ही काहीतरी समजुतीचं लिहा.


होनोमालू
४ मार्च १९८१

प्रिय राहेलाताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. डबा परत मिळाला नाही. मी मागितलाच नाही. तो परत मागायचं कारण नाही, पण ते का नाही हे मला या कागदावर लिहिता येत नाही. हा कागद ओकुराच्या हातातून जाणार.

एवढंच लिहितो की तू मला लहानपणापासून ओळखतेस. आजोबांच्या घरात मीही वाढलो, जरी ओट्यावरून बघत वाढलो. तू होडीत होतीस हे खरं. पण होडी परत आल्यावर वाटेत लोक आजोबांना काय विचारायचे आणि ते काय उत्तर द्यायचे, ते ऐकायला ओट्यावर मीच होतो.

याहून जास्त लिहीत नाही. तू जेव. मला त्याचीच काळजी लागली आहे. उलांडी बांधून घेतली, तरी करकरते.

एझेरा


नानाकुली
२ एप्रिल १९८१

लाडक्या भावा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमचे पाद्री इथे सभेला आले आहेत, त्यांच्या हाती देते. त्यामुळे मनमोकळं बोलते.

नोहेआ काल घरी आली होती. गावच्या रीतीप्रमाणे हातात सुकी मासळी घेऊन, तुझीच दिलेली. म्हणाली, आंटी, जागा तुमची आहे असं अंकल म्हणाले, तेव्हा तुम्ही ऐकून घ्या. मी तोंड फिरवून बसले होते. तिने मशीन लावलं. तुझा आवाज किती बाबांसारखा झालाय रे. मग तू खुणा सांगायला लागलास. चर्चचा कळस टेकडीच्या खाचेत आणायचा, आणि एकटा माड काळ्या खडकाच्या टोकावर.

शर्ली सांगेल तुला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. तिथे जाळं टाकलं तर दगड येतील, दगड. आजोबांना कुणी विचारलं की ते अशाच गंभीर तोंडाने चर्चचा कळस सांगायचे, नाहीतर म्हणायचे, समुद्रावर कुठे, लाकडं आणायला डोंगरावर चाललोय. विचारणाऱ्यालाही कळायचं, की आता पुढे विचारायचं नाही. आपल्याकडे जागा खरी सांगतो तो वेडा आणि खरी विचारतो तो आगाऊ. आणि मी महिनाभर तुला शिव्या देत बसले. तू तिकडे कागदावर कण्हत होतास आणि मला कळलं नाही. माझं चुकलं.

पोरगी विचारत होती, आंटी, हे बरोबर आहे ना? मी म्हटलं, चालू कर तुझं मशीन. आणि मशीनमध्ये सांगितलं, माझ्या भावाने सांगितली तीच जागा, शब्दाशब्दाला खरी. माझं नावही सांगितलं, आजोबांचंही. पोरीने मला मिठी मारली.

मी आता व्यवस्थित जेवते आहे.

तुझी,
राहेला


होनोमालू
२८ एप्रिल १९८१

ताई,

पाद्रीबुवा आपले टपालवाले झाले आहेत. ते उद्या पुन्हा तिकडे येणार, म्हणून घाईने लिहितो. अक्षर वाईट आहे.

आपण दोघांनी मोठा घोटाळा केला आहे.

काल शाळेच्या हॉलमध्ये गावाला बोलावलं होतं. नोहेआने भिंतीवर समुद्राचा नकाशा टांगला होता आणि त्यावर लाल चौकोन. मी तिला विचारलं हे काय. तिने सांगितलं. आठवणी नुसत्या कॉलेजात ठेवायला नव्हत्या. गावाने मासेमारी खात्याकडे अर्ज केला आहे, की आमच्या माशांच्या जागेवर बाहेरच्या बोटींना बंदी घाला. खातं म्हणालं, जागा परंपरेची आहे याचा पुरावा आणा. पुरावा म्हणजे आपले आवाज. तिने मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणते. सांगितलंही असेल. मी तेव्हा मशीनच्या चाकाकडे बघत होतो.

चौकोन चर्चसमोरच्या रिकाम्या पाण्याभोवती आहे. तू म्हणालीस ते दगड, ते आता सरकार राखणार. खरी जागा चौकोनाच्या दक्षिणेला, बाहेर. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण चौकोनात यायला बंदी झाली की बंदरातल्या बोटी त्याच्या कडेला येऊन उभ्या राहणार, आणि दक्षिणेची कडा कुठे येते ते तू मनात काढून बघ. आज ते तिथे फिरकत नाहीत. आपणच त्यांना तिथे ढकलतो आहोत.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. हॉलमध्ये म्हातारे सगळे होते. नकाशा बघितला आणि एकेकाने मान खाली घातली. त्यांनाही ती जागा ठाऊक आहे, निदान ती तिथे नाही हे तरी. पण दुसऱ्याच्या जागेबद्दल कोण बोलणार? लुका माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "एझेरा, तुझे मासे कधीपासून चर्चला जायला लागले?" आणि तोंड पुसून बाहेर निघून गेला. बाकी कुणी एक शब्द काढला नाही. अख्खा हॉल मर्यादा पाळत बसला होता. नोहेआला वाटलं सगळ्यांना पसंत आहे. ती सगळ्यांना कॉफी देत फिरत होती.

जूनमध्ये खात्याचा माणूस येणार, मग नक्की होणार. मी उठून खरं सांगितलं तर ते विचारतील, आधी खोटं का बोललास? आणि एक म्हातारा खोटं बोलला तर बाकीच्या आवाजांवर कोण विश्वास ठेवील? लुकाचं, मिरियमाचं, सगळ्यांचं बोलणं त्याच पेटीत आहे. पोरीची नोकरीही जाईल. नाही सांगितलं तर मासे जातील.

आणि सांगायचा हक्क मला नाही. जागा तुझी. तू काय म्हणतेस? लवकर कळव. मला अन्न गोड लागत नाही.

एझेरा


नानाकुली
९ मे १९८१

एझेरा,

शर्ली हातात पेन घेऊन बसली आहे आणि मी पायरीवर बसून आहे. ती दोनदा विचारून गेली, आई, सांगताय का? आज काय सांगू तेच कळत नव्हतं.

आधी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. गेली तर गेली, पण आपल्या तोंडून जायला नको. आजोबांनी मरतानाही दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. मग वाटलं, आजोबांच्या वेळी न सांगितल्याने ती राहत होती. आता न सांगितल्याने जाणार. असं त्यांच्या वेळी कधी झालंच नव्हतं, तर त्यांनी मला यावर काय शिकवलं असणार? ज्यांना विचारायचं ते नाहीत. तू मला विचारतोस. मी कुणाला विचारू?

माझं कोण आहे इथे ती जागा द्यायला? मुलगा विमानतळावर सामान चढवतो. त्याला समुद्र म्हणजे रविवारी बर्फाची पेटी घेऊन जायची जागा. तू उसनी सांभाळलीस आणि मी मालकीण म्हणून इथे बसून राहिले. एवढंच झालं बघ.

सांग. पण हॉलमध्ये बोलू नकोस. ज्याला बघायचं आहे त्याला होडीत बसव आणि ने. मी तुला नेलं तसं. बघितलेलं सांगितलेल्यासारखं नसतं, असं मी मनाचं समाधान करून घेतलं आहे. तूही घे.

आणि मीही खोटं बोलले हे त्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग. एकटा मान खाली घालून उभा राहू नकोस.

राहेला

अंकल, आईंनी हे सांगताना मला तीन वेळा खोडायला लावलं. तिन्ही वेळा "सांगू नकोस" असं होतं. शर्ली.


होनोमालू
२२ जून १९८१

प्रिय राहेलाताई,

झालं एकदाचं. नीट क्रमाने लिहितो, नाहीतर तू म्हणशील मी घाबरून अर्धं गाळलं.

खात्याचा माणूस टव्हारेस म्हणून. हिलोचा, आपल्यासारखाच काळा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. हॉल भरला होता. बंदरातले बोटवालेही आले होते, मागच्या बाकांवर. हँक त्यांच्यातच पाय पसरून बसला होता. नोहेआने नकाशा लावला, माझा आवाज लावला. चर्चचा कळस, एकटा माड. मग तुझा आवाज. तुझा आवाज ऐकून मला वाटलं तू दारातच उभी आहेस.

मी उठलो. बाकाला धरून बोललो. म्हटलं, ती जागा तिथे नाही. मी खोटं सांगितलं, माझ्या बहिणीनेही सांगितलं, आणि तिने हे तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. आमच्यात खरी जागा बोलायची नसते. खरी दाखवायची तर होडीत बसावं लागेल.

टव्हारेसने पेन खाली ठेवलं. हँक मागून म्हणाला, "म्हातारबुवा, मागच्या वेळी एक जागा, आज दुसरी. पुढच्या महिन्यात तिसरी कुठे काढणार, माझ्या अंगणात?" बोटवाले हसले. टव्हारेसने त्यांना थांबवलं, पण विचारायचं ते विचारलंच. या पेटीतलं बाकी काय खरं धरायचं? तेव्हा लुका उठला. म्हणाला, "माझं सगळं खरं आहे साहेब. बायकोबद्दल चांगलं बोललो तेवढं सोडून." आता आपले लोक हसले. पण टव्हारेस हसला नाही, आणि नोहेआ तर माझ्याकडे बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. होडीत मी, टव्हारेस आणि नोहेआ. नोहेआ मध्ये बसली, माझ्याकडे पाठ करून. मग ती मागे न बघता म्हणाली, "अंकल, माझ्याशी खोटं का बोललात?"

मी म्हटलं, तुझ्याशी नाही बोललो, मशीनशी बोललो. तू आपल्या घरची आहेस, चर्चचा कळस म्हटल्यावर तुला कळायला हवं होतं.

ती वळली. "कुणी शिकवलं मला? मी सात वर्षांची होते. आई मला इथून घेऊन गेली तेव्हा तुमच्यातला एक तरी म्हणाला का, हिला ठेवून जा म्हणून?"

ताई, मी वल्हवत राहिलो.

जागेवर पोचल्यावर मी टव्हारेसची मान धरली. सरकारी माणसाची मान. तो दचकला, पण त्याने वळवू दिली. डोंगराकडे, मग किनाऱ्याकडे. मग नोहेआची वळवली. तिची मान कडक होती, नंतर सैल झाली. कुणाला काही सांगितलं नाही. शिजवलेला भोपळा फडक्यात दगडासह बांधून खाली सोडला, झटक्याने गाठ सोडली आणि काचेच्या बुडाची पेटी पाण्यावर धरून टव्हारेसला म्हटलं, बघा.

आले. खालून निळा ढग वर यावा तसे आले, गोल फिरत, होडीच्या बुडापर्यंत. त्याने पेटीतून तोंड काढलंच नाही. शर्टाच्या बाह्या भिजल्या. शेवटी म्हणाला, "हे जाळ्याला भीत नाहीत?" मी म्हटलं, आता जाळ्याचे दिवस नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. तो म्हणाला, याहून मोठा पुरावा नको. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मग त्याने खिशातून होकायंत्र काढलं. एका खुणेकडे धरलं आणि आकडा मोठ्याने वाचला, नोहेआने लिहून घ्यावा म्हणून. मग दुसऱ्या खुणेकडे. खुणांची नावं घेऊन, खणखणीत आवाजात. त्यात त्याचं काही चुकलं नाही, कामाची पद्धतच तशी असणार. पण त्या पाण्यावर ते शब्द कुणी कधी उच्चारले नव्हते. मला वाटलं मासे खाली पळतील. ते खात राहिले. मीच खाली बघत बसलो.

हँकची बोट मागे उभी होती. मोटर बंद करून. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तुला मी सांगायला नको.

निकाल नंतर कळवणार आहेत. पेटीतलं बाकीचं सगळं खरं धरलं जाईल असं टव्हारेस म्हणाला. नोहेआची नोकरी राहील असं दिसतं. ती विमानाला जाताना घरी आली नाही.

तुझा,
एझेरा


नानाकुली
१४ डिसेंबर १९८१

एझेरा,

नोहेआ येऊन गेली. मंजूर झालं. आपली जागा, खरी, नव्या चौकोनाच्या मध्यावर आहे आणि बाहेरच्या कुणालाही तिथे चारा टाकायला बंदी. तिने कागद वाचून दाखवला. मग खाली बघत दुसरंही सांगितलं.

तू मला लिहिलं नाहीस. सहा महिन्यांत तीन पत्रं पाठवलीस, उलांडी, छाती, रानडुकरं. जुलैत निकाल यायच्या आधी बंदरातल्या बोटी येऊन मांसाचा चारा टाकून गेल्या, हे एका ओळीने लिहिलं नाहीस. शार्क वर आले, ओपेलू दिसेनासे झाले, ऑगस्टमध्ये जाळ्याला तू गेलास आणि रिकामा आलास. हे मला त्या पोरीने सांगायचं? लुकाने तिला कळवलं म्हणे. मी ओरडेन म्हणून लपवलंस? मी "सांग" म्हटलं होतं, एझेरा. तू नव्हतास म्हणालास. जे झालं ते माझ्या शब्दाने झालं. ते ओझं तू का लपवून ठेवतोस?

नोहेआने विचारलं की खऱ्या खुणा पुन्हा मशीनवर सांगाल का, जुन्या पुसून. मी म्हटलं, जुन्या पुसू नकोस. त्याही आमच्याच आहेत. तिच्या लक्षात आलं असावं. ती हसली, पहिल्यांदाच.

आता माझं काम. ती जागा उसनी होती, आजपासून नाही. ती तुला दिली. आजोबांनी मला दिली तेव्हा ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती. तुला देते आहे तेव्हा ती सरकारी कागदावर छापलेली आहे. अशी वस्तू देता येते का हे मला कळत नाही. पण खाऊ घालायचं काम कुणी छापून नेलेलं नाही. ते दिलं असं समज.

फेब्रुवारीत जा. आले नाहीत तरी जा.

राहेला


होनोमालू
१६ फेब्रुवारी १९८२

प्रिय राहेलाताई,

तुझं देणं पोचलं. दोन महिने उत्तर लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. ती जागा माझी झाली असं मला अजून वाटत नाही. जुलैतलं लपवलं ते तू म्हणतेस त्याच कारणाने. शिवाय लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. आता माफ कर.

भोपळे शिजवले. गेल्या शुक्रवारपासून रोज जातो. पहिले चार दिवस काही नाही. फडकं सोडायचं, पेटीतून बघायचं, भोपळा खाली खाली जाताना दिसायचा. नुसतं पाणी. एक मोठा शिकारी मासा वर येऊन बघून गेला. मी त्याला शिव्या दिल्या. परत येताना छातीत दुखलं, पण ते वल्हवल्यामुळे.

आज आले. पूर्वीसारखा ढग नाही. मोजके आले, आणि लांबच राहिले. मी हललोसुद्धा नाही. मग एकाने तोंड लावलं, मग बाकीच्यांनी. होडीच्या बुडापर्यंत आले नाहीत. येतील की नाही माहीत नाही. या वर्षी जाळं टाकणार नाही असं मी ठरवलं आहे, जुलैनंतरही नाही. लुका म्हणतो, मग खाणार काय? बघू.

बोटी चौकोनाच्या बाहेर होत्या. हँक होता. त्याने हात वर केला. मी केला नाही, मग वाटलं करायला हवा होता, पण तोवर तो वळला होता.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. खात्याने गेल्या महिन्यात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोया टाकल्या आहेत. लांबून दिसतात. आज घरी येऊन होडी ओढली, कॉफी ठेवली, आणि तेव्हा लक्षात आलं. पाच दिवस मी बोया बघत गेलो आणि त्यांच्या मधोमध जाऊन थांबलो. डोंगराकडे एकदाही मान वळवली नाही. किनाऱ्याकडेही नाही.

म्हणजे पाच दिवस खुणा मी जुळवल्याच नाहीत.

उद्या दक्षिणेच्या टोकाकडून वळसा घालून जाणार आहे. लांब पडतं आणि उलांडीचा भरवसा नाही. पण तिकडून यायचं तर बोया खडकाआड राहतात, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

तुझा भाऊ,
एझेरा